न दिसणाऱ्या पाण्याचा सौदा: वाकोद ते जैन हिल्स

#थ्रेड

शेतकऱ्याला पाणी विकणे सोपे. पाणी कमी द्या, असे सांगणारी वस्तू त्याच्या गळी उतरवणे मात्र महाकठीण. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात जळगाव जिल्ह्यात ठिबक सिंचनाचा प्रसार सुरू झाला, तेव्हा विक्रेत्यांपुढे नेमका हाच पेच होता.

रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायची, अंधारात दारे धरायची आणि दांडातून सरीत उतरणारे पाणी डोळ्यांनी पाहून निर्धास्त व्हायचे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. पीक भिजले याचा पुरावा म्हणजे भिजलेली जमीन. आता कोणी तरी काळी नळी अंथरतो, जमीन वरून जवळजवळ कोरडीच राहते आणि म्हणतो की केळीसारखे तहानलेले पीक यावर जोमाने वाढेल. शिवाय यासाठी एकरी मोठा खर्च आधी करायचा. शेतकऱ्याने विश्वास ठेवायचा तो कशावर?

या तंत्राच्या जन्माशीही एक गोष्ट जोडलेली आहे. सिम्हा ब्लास या जलअभियंत्याला १९३०च्या दशकात पॅलेस्टाइनमध्ये एक झाड आसपासच्या झाडांपेक्षा कितीतरी उंच वाढलेले दिसले. जवळ ओढा नाही, पाट नाही. उकरून पाहिले तर पाइपाच्या गळक्या सांध्यातून मुळांशी थेंब थेंब पाणी पडत होते. त्या निरीक्षणाचे यंत्र व्हायला स्वस्त प्लास्टिकची वाट पाहावी लागली. १९६५ मध्ये इस्रायलमधील हात्झेरिम किबुत्झमध्ये नेटाफिम ही कंपनी उभी राहिली. दाबाचे गणित सांगण्यापेक्षा त्या झाडाची गोष्ट सांगणे सोपे होते, म्हणून जगभर गेली ती गोष्टच. भारतातील कृषी विद्यापीठांत सत्तरच्या दशकातच ठिबकचे प्रयोग झाले होते. पण विद्यापीठाचा अहवाल आणि गावचा पार यांत अंतर फार.

ते अंतर ओळखणारा माणूस जामनेर तालुक्यातला. भवरलाल हिरालाल जैन यांचा जन्म १२ डिसेंबर १९३७ रोजी वाकोद येथे झाला. जळगावहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, वाघूर नदीचे हे गाव. याच वाघूरच्या उगमाकडे अजिंठ्याच्या भिंतींवर सिंहल आणि पूर्ण या व्यापाऱ्यांच्या कथा रंगवलेल्या आहेत. व्यापारी आणि कथा ही जोडी या खोऱ्याला नवी नाही, एवढेच.

जैन कुटुंब एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजस्थानातून येथे आले. कायद्याचे शिक्षण घेतलेल्या भवरलालांपुढे सरकारी अधिकारपदाची वाट खुली होती. आई गौराबाईंच्या सल्ल्याने त्यांनी ती सोडली आणि १९६३ मध्ये तीन पिढ्यांची शिल्लक, म्हणजे ७,००० रुपये, घालून रॉकेलची विक्री सुरू केली. पुढे ट्रॅक्टर, तुषार संच, पीव्हीसी पाइप, खते आणि बियाणे यांच्या एजन्सी आल्या. १९७८ मध्ये त्यांनी केळीची भुकटी करणारा एक जुना कारखाना ३० लाख रुपयांना घेतला आणि तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढायला सुरुवात केली.

इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावे. सात हजारांची ही कहाणी मुख्यतः स्वतः भवरलाल आणि त्यांची संस्था यांच्याच निवेदनातून आपल्यापर्यंत आली आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण ती सांगितली गेली ती ग्राहकाला, कर्जदात्याला आणि भागधारकाला, हे विसरून चालत नाही. आईचा शब्द, घरची पुंजी, मातीशी नाते: शेतकऱ्याला हा विक्रेता आपल्यातलाच वाटावा, यासाठी लागणारे सगळे तिच्यात आहे.

ठिबक विकताना मात्र संस्थापकाची गोष्ट पुरेशी नव्हती. तेथे पिकाची गोष्ट हवी होती, आणि ती दुकानात सांगता येत नव्हती. जळगावजवळची उजाड, खडकाळ टेकडी घेऊन तेथे बांधबंदिस्ती, तळी, फळबागा आणि ठिबकवरची पिके उभी करण्यात आली. हीच जैन हिल्स. गाड्या भरभरून शेतकरी तेथे येऊ लागले. माळ पूर्वी कसा होता, पाणी कोठे अडवले, कोणते पीक कधी लावले हे ऐकत ते चालायचे. आणि ऐकलेले समोरच्या झाडाशी ताडून पाहायचे. घड हाताने उचलून पाहता येत होता, नळीखालची माती चिमटीत धरता येत होती. ऐकणाऱ्याला जागच्या जागी पडताळता येणारी ही गोष्ट होती. जाहिरातीत ती सोय नसते.

त्याहून प्रभावी निवेदक होता तो शेजारचा शेतकरी. नव्वदच्या दशकात ऊतीसंवर्धित ग्रँड नैन केळी जळगावात आली, तेव्हा हे विशेष दिसले. कंदापासून लावलेली केळी हाती यायला साधारण १८ महिने लागत. नव्या रोपांची ठिबकवरची बाग ११ ते १२ महिन्यांत कापणीला येई. एकाच्या बागेत घड लागले, की बाजूच्या बांधावरचा माणूस चौकशीला येणारच. नळी कितीला पडली, ड्रीपर तुंबतात का, उंदीर कुरतडतात का, पट्टी किती आली, हे प्रश्न तो कंपनीच्या माणसाला मोकळेपणी विचारत नाही, भाऊबंदाला विचारतो. आणि तुंबण्याचा त्रासही सांगणाऱ्या भाऊबंदावर त्याचा विश्वास बसतो.

अर्थात, केवळ गोष्टींवर संच खपले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. महाराष्ट्र शासनाने १९८६-८७ पासून ठिबकला अनुदान दिले नसते, तर पुष्कळ शेतकरी जैन हिल्स पाहून, मान डोलावून घरी परतले असते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात हीच कंपनी वित्त आणि माहिती तंत्रज्ञान अशा शेतीपासून दूरच्या क्षेत्रांत शिरली आणि कर्जात रुतली. तेथे दाखवायला टेकडी नव्हती, बांधावरचा साक्षीदार नव्हता. पुन्हा शेतीकडे वळल्यावरच ती सावरली. भवरलालांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

या इतिहासाची एक बाजू मात्र कमी सांगितली जाते. बांधावरची गोष्ट एका शेताची असते: कमी पाण्यात जास्त माल. ती त्या शेतापुरती खरीही असते. पण वाचलेले पाणी पुष्कळदा विहिरीत राहत नाही. त्याच विजेवर आणखी एक एकर केळीखाली येते. रावेर आणि यावल हे केळीचे तालुके आज भूजलाच्या अतिउपशासाठीही ओळखले जातात. घड शेजाऱ्याला बांधावरून दिसतो. खाली गेलेली पातळी त्याला दिसते ती त्याची स्वतःची कूपनलिका कोरडी पडते तेव्हा.

#खानदेश #जामनेर #शेतीचा_इतिहास