पंडिता रमाबाईंची नम्रता

नम्रता हा गुण मोठा चमत्कारिक आहे. तो आपल्या अंगी आहे असे ज्यास वाटू लागले, त्याच्यापासून तो तत्क्षणीच दूर गेला असे समजावे. दातृत्व पैशांत मोजता येते, धैर्याची परीक्षा संकटात होते. परंतु नम्रतेस असे माप नाही. पत्राच्या शेवटी 'नम्र सेवक' म्हणून सही करणारा गृहस्थ किती नम्र असतो, हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. त्यामुळे इतिहास लिहिणाराची येथे पंचाईत होते. त्याचे काम कृत्यांशी, आणि हा गुण तर अंतःकरणात लपून बसणारा.

ख्रिस्ती धर्माने या गुणास फार वरचे स्थान दिले आहे. गुरूने कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, हा त्या धर्माचा वस्तुपाठच होय. तथापि तो प्रसंग उपासनेत वाचणे निराळे आणि रोजच्या आयुष्यात आचरणे निराळे. शिवाय एक बिकट प्रश्न उरतोच. देवापुढे नम्र व्हावयाचे म्हणजे देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसांपुढेही मान तुकवावयाची काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात एका स्त्रीने आपल्या चाळीस वर्षांच्या आयुष्यक्रमाने दिले. त्या स्त्रीवर गर्विष्ठपणाचा आरोप स्वकीयांनी केला तसाच स्वधर्मीयांनीही केला, म्हणून तिचे उदाहरण आम्हांस विशेष विचारार्ह वाटते.

पंडिता रमाबाई १८८२ साली पुण्यास आल्या, त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. संस्कृत विद्या तिला आईने शिकविली. तीर्थयात्रा करीत हिंडणारे ते कुटुंब दुष्काळाने गाठले. आई, बाप, वडील बहीण, सर्व गेली. भावाबरोबर पायी देश तुडवीत ही मुलगी कलकत्त्यास पोहोचली, आणि १८७८ साली तेथील शास्त्र्यांनी तिची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ वारला, विवाह झाला, आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य आले. अशा स्थितीत तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या. येथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्यांची कीर्ती सर्वस्वी विद्येवर उभी होती. विद्येखेरीज त्यांच्यापाशी दुसरे धन नव्हते.

पुण्यातच त्यांची नीलकंठशास्त्री गोरे यांच्याशी गाठ पडली. गोरे हे काशीस वाढलेले चित्पावन पंडित. १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. 'षड्दर्शनदर्पण' या ग्रंथात त्यांनी सहाही दर्शनांशी वाद मांडला आहे. असा हा दिग्गज तार्किक उतारवयात कौली फादरांच्या संन्यासी संघात शिरला, तो नवशिक्या म्हणून. आणि अखेरचे व्रत न घेता १८९५ साली मृत्यू येईपर्यंत नवशिक्याच राहिला. त्याच संघाचे ठाणे पुण्यास पंचहौदावर होते. गोऱ्यांच्या युक्तिवादाने आपली बुद्धी वळली, हे रमाबाईंनी पुढे मान्य केले आहे. परंतु त्यांच्या मनात खोल शिरली ती गोऱ्यांची विनम्र आणि मधुर वाणी, असेही त्यांनी लिहून ठेविले आहे. वादात जिंकणारे पंडित त्यांनी पुष्कळ पाहिले होते. जिंकूनही नम्र राहणारा हा पहिलाच असावा.

१८८३ साली रमाबाई विलायतेस गेल्या, आणि सप्टेंबरात वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. येथून त्यांची खरी कसोटी सुरू झाली. चेल्टनहॅमच्या विद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. तरुण इंग्रजांस त्यांनी शिकवावे काय, असा प्रश्न निघताच बिशपांनी नापसंती दर्शविली. रमाबाईंस ते मानवले नाही. स्वदेशी त्यांनी भर सभेत पुरुषांपुढे शास्त्रार्थ केला होता. ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी, त्र्यैक्याविषयी त्यांस शंका होत्या, आणि त्या त्यांनी झाकून ठेविल्या नाहीत. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, हाही त्यांचा एक प्रश्न. अक्षरे हवीतच तर ती संस्कृत असोत, असे त्यांनी कळविले. संस्कृत ही देवांची वाणी आहे असा त्यांचा दावा नव्हता. ती आपल्या देशाची पुरातन आणि सुंदर भाषा म्हणून त्यांस प्रिय होती. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना या सगळ्यात अहंकार व आज्ञाभंग दिसला. हा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. तो वाचीत असता आम्हांस पुनःपुन्हा एक गोष्ट जाणवते. ज्येष्ठ पक्ष 'नम्र हो' असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनातील अर्थ बहुधा 'आमचे ऐक' एवढाच असतो. रमाबाईंनी हा घोटाळा ओळखला. देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे हा त्यांच्या मते देवाचाच अपराध होता.

अमेरिकेतून परतल्यावर १८८९ च्या मार्चात त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले, आणि १८९० साली ते पुण्यास आणले. येथे आरोप करणारी तोंडे बदलली. आरोपाचा सूर पुष्कळसा तोच राहिला. सदनातील विधवा मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून गहजब झाला. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सल्लागारांनी अंग काढून घेतले. पालकांची तक्रार निराधार होती असे आम्ही म्हणत नाही. ज्याची मुलगी त्यास काळजी वाटणारच. परंतु आपल्या प्रार्थनेची दारे बंद करण्यास रमाबाईंनी नकार दिला, तोही वाँटेजच्या नकाराचाच सख्खा भाऊ होता.

येथवरची हकीकत वाचून कोणी म्हणेल, यात नम्रता कोठे आहे? हा प्रश्न रमाबाईंनीही स्वतःस विचारला असावा. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या कबूल करतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता. एवढ्या प्रसिद्धीस चढलेल्या स्त्रीने, विरोधकांचे कान टवकारलेले असता, ही कबुली द्यावी यातच बरेच काही आले. बुद्धीने पटलेल्या सिद्धांतापुढे मनुष्य मान डोलावतो. शरण जाणे ही गोष्ट वेगळी. ते शरण जाणे १८९१ च्या सुमारास घडले असे त्या सांगतात. परंतु अशा अंतरीच्या साक्षीवर इतिहासाने विसंबू नये. त्याने पुढील कृत्ये पाहावी.

ती केडगावी पाहावयास मिळतात. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पस्तीसएक मैलांवर हे गाव आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्यांच्या आईबापांस ज्याने नेले तोच हा दुष्काळ होता. भुकेचा चेहरा त्यांच्या परिचयाचा होता. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर मुक्तिसदनाची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी खणणे, शेत, माग, तेलाचा घाणा, दळणकांडण, अंध व वृद्ध स्त्रियांची शुश्रूषा असा तेथील दिनक्रम. कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी गौरविलेली सरस्वती आता अक्षरशत्रू, रोगजर्जर बायकांत राहू लागली. भक्तीस तेथे मोठे अवकाश नव्हते. ती घाण काढण्यात, ताप उतरविण्यात, उद्याच्या धान्याची विवंचना करण्यात मुरून गेली.

याहूनही मोठा त्याग आम्हांस दुसराच वाटतो. पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा हाती घेतल्या आणि मुळावरून बायबलाचे मराठी भाषांतर आरंभिले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असून आपल्या मुलींस ते उमगत नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून त्यांनी दुष्काळातून आलेल्या बाईस समजेल अशी साधी मराठी निवडली. मुक्तीच्या छापखान्यात त्याच स्त्रियांनी खिळे जुळविले. ज्या बाईने क्रुसावर संस्कृत अक्षरे मागितली होती, तिनेच देवाच्या ग्रंथातून संस्कृत शब्द वेचून दूर केले! मनुष्य द्रव्य सोडतो, मान सोडतो. पण पंडित आपली भाषा सोडीत नाही. पुस्तकांवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यास तरी हा त्याग सर्वांत अवघड वाटतो. व्याख्यानात एक अवघड शब्द गाळून सोपा घालावयाचा, तरी आमचा जीव कासावीस होतो.

या चित्रास दुसरी बाजू आहे, ती लपविणे बरोबर होणार नाही. शब्दांच्या त्या निवडीत केवळ सुबोधतेची दृष्टी नव्हती. जुन्या धर्माचा वास येणारे शब्द टाळण्याचा कटाक्षही होता. त्याच काळात रेव्हरंड नारायण वामन टिळक अभंग-ओवीच्या वाटेने ख्रिस्तापाशी जात होते, आणि मराठी मंडळ्यांच्या कंठी बसली ती टिळकांची पदे. रमाबाईंचे भाषांतर मात्र सर्वत्र रूढ झाले नाही. मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने पाहता एका समर्थ लेखणीचा दीर्घ काळ त्यात खर्ची पडला, असेही कोणी म्हणेल. हे आक्षेप खोटे नाहीत. परंतु ते कामाच्या फलावर आहेत. आणि फल आपल्या हाती नाही हे मानणे हाही नम्रतेचाच एक भाग होय.

१९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. कान मंदावले होते, प्रकृती ढासळली होती, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. संपूर्ण बायबल १९२४ साली, त्यांच्या पश्चात, छापून बाहेर आले.

बिशपांपुढे, जोगिणींपुढे, पुण्याच्या विद्वानांपुढे जी मान लवली नाही, ती ज्यांस मुळाक्षरेही येत नव्हती अशा बायकांना समजावे म्हणून प्रत्येक शब्दागणिक लवत राहिली. ही मान गर्विष्ठ होती की नम्र, याचा निवाडा वाचकांनीच करावा.