मुकादम (ऊसतोड)

ऊसतोड मजुरांची टोळी जमवणारा, तिला उचल देणारा, हंगामभर तिच्याकडून काम करून घेणारा आणि शेवटी हिशेब मिटवणारा मध्यस्थ. करारनाम्यात त्याचा उल्लेख तोडणी कंत्राटदार असा असला, तरी फडावर तो मुकादमच. शंभर माणसे हाताखाली असलेला पण कुठल्याही व्यवस्थापन-अभ्यासक्रमात न शिकलेला असा हा कारभारी आहे. माणसांकडून काम कसे करून घ्यावे, आणि कसे करून घेऊ नये, या दोन्हींचे नमुने त्याच्याकडे सापडतात.

कुरुंदवाड (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे, एके काळी पटवर्धन संस्थानिकांचे गाव. पलीकडे नृसिंहवाडी, आणि शिवारात ऊस. शिरोळचा श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखाना आणि टाकळीवाडीचा गुरुदत्त शुगर्स हे तालुक्यातलेच कारखाने. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झाले की बीड, पाथर्डी, जत अशा कोरडवाहू मुलखातल्या टोळ्या येऊन उतरतात आणि रस्त्याकडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात. गावातल्याच माणसांच्या स्थानिक टोळ्याही तोड करतात, पण हंगामाचा मोठा भार बाहेरच्यांवर असतो.

टोळीचे माप ‘कोयता’. कोयता म्हणजे एक जोडपे: नवरा तोडतो, बायको पाला साळते, मोळी बांधते, दोघे मिळून गाडी भरतात. एकटा माणूस अर्धा कोयता. ऊस डोक्यावरून वाहून ट्रॅक्टर-ट्रकपर्यंत नेणारे ‘डोकी सेंटर’चे, बैलगाडीवाले ‘गाडी सेंटर’चे, टायरच्या गाडीवाले ‘टायर सेंटर’चे. वर कारखान्याची साखळी असते. शेतकी अधिकारी लागणीच्या नोंदीप्रमाणे तोडीचा कार्यक्रम ठरवतो, चिटबॉय तोडीची चिठ्ठी देतो, वाहतूकदार ट्रॅक्टर लावतो. बऱ्याच ठिकाणी मुकादमाला पैसे वाहतूकदाराकडूनच मिळतात. या सगळ्यांचे बोलणे मजुरापर्यंत पोचते ते मात्र एकट्या मुकादमाच्या तोंडून.

उचल म्हणजे हंगामाआधी, बहुधा पावसाळ्यात, घरात दाणा नसताना दिलेली आगाऊ रक्कम. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात ठरलेल्या दरवाढीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला आणि मुकादमाचे कमिशन 19 वरून 20 टक्के झाले. हिशेब सोपा आहे. एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असे धरले, तर दोघांची मिळून कमाई 732 रुपये. एका कोयत्याने लाखाची उचल घेतली असेल तर ती फिटायला 273 टन, म्हणजे सुमारे 137 दिवस लागतात. गाळप हंगाम साधारण चार-पाच महिन्यांचा. त्यातही आजारपणाचे दिवस आहेत, कारखाना बंद पडला की बसून राहायचे दिवस आहेत, शिवाय रोजच्या खर्चाला पुन्हा मुकादमाकडूनच घेतलेले पैसे, म्हणजे ‘खर्ची’, आहे. मग ‘बाकी’ निघते, आणि ती फेडायला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे यावे लागते. कर्ज फेडण्यासाठी श्रम करायला लावणे 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा ठरवले आहे; उचलीचा व्यवहार त्या रेषेच्या किती जवळून जातो हे वेगळे सांगायला नको.

पैशाच्या जोरावर माणूस फडात आणता येतो. पहाटे चारला थंडीत उठून त्याने कोयता चालवावा, हे मात्र उचलीने साधत नाही. तिथून पुढे मुकादमाची खरी कसोटी लागते, आणि तिच्यात पहिली गोष्ट येते पात, म्हणजे प्रत्येक कोयत्याच्या वाट्याच्या सऱ्या, लावण्याची. एकाच फडात सरळ उभा ऊस असतो आणि वाऱ्याने लोळलेला, एकमेकांत गुंतलेला आडवा ऊसही असतो. आडव्याला दुप्पट वेळ जातो, पैसे मात्र टनावरच. पाहुण्यारावळ्यांना सरळ सऱ्या आणि बाकीच्यांना आडवा ऊस दिला, तर टोळी चार दिवसांत फुटते. जाणता मुकादम पाती आलटून पालटून लावतो, आणि स्वतःच्या भावाला सगळ्यांच्या देखत वाईट पात देतो. त्यानंतर कुरकुर झालीच तर दबक्या आवाजात होते.

दुसरी गोष्ट वहीची. कोणाच्या नावावर किती टन, किती उचल, किती खर्ची आणि किती खाडे (गैरहजेरीचे दिवस), हे सगळे मुकादमाच्या वहीत असते. मजुराला ती वाचता येत नसली तरी काटापावतीचा आकडा त्याच्या लक्षात राहतो. आठवड्याच्या बाजारदिवशी वही उघडून सगळ्यांसमोर हिशेब वाचणारा आणि हंगाम संपेपर्यंत ‘बघू, होईल’ म्हणणारा, या दोघांच्या टोळ्यांमध्ये पुढच्या वर्षी पडणारा फरक कारखान्याच्या शेतकी विभागालाही ठाऊक असतो. कमिशनपेक्षा ही वहीच मुकादमाची पत ठरवते, असे या नोंदकर्त्याचे मत आहे.

काम चांगले व्हावे म्हणून द्यावे लागणारे लक्ष ही तिसरी गोष्ट, आणि इथे टनावरची मजुरीच आड येते. उसात साखर बुडख्याकडे जास्त असते. म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. त्यासाठी दर घावाला कंबर मोडेपर्यंत वाकावे लागते, आणि घाईत असलेला मजूर चार बोटे वरूनच कोयता मारतो. शेतकऱ्याचे वजन जाते, खोडवाही (तोडीनंतर बुडख्यातून पुन्हा येणारे पीक) नीट फुटत नाही. दिवसभर बांधावर बसून ओरडणाऱ्या मुकादमाला हे थांबवता येत नाही. हातात कोयता घेऊन पहिली सरी स्वतः तोडून दाखवणाऱ्याला ते बऱ्यापैकी जमते. बहुतेक मुकादम मुळात ऊसतोड मजूरच असल्याने हे त्यांना अवघड नाही. पण एकदा मोटारसायकल आली की ते विसरायलाही वेळ लागत नाही.

‘खाडा’ हे या व्यवस्थेतले सर्वांत वाईट हत्यार. कामावर न आलेल्या दिवसाचा दंड उचलीत मिळवला जातो. पाळीच्या, गरोदरपणाच्या दिवसांतही बाई फडात उभी राहते त्याचे हे एक कारण. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. भीतीने हजेरी वाढते खरी, पण तिचा खर्च कुठल्या वहीत चढतो हे त्या प्रकरणात दिसले.

उलट बाजूची तक्रारही खरी आहे. दोन-तीन वाहतूकदारांकडून पैसे घेऊन एकाकडेही टोळी न नेणारे मुकादम कोल्हापूर-सांगलीत अनेकांना कर्जात बुडवून गेले आहेत. शेतकऱ्याची तक्रार ‘खुशाली’ची असते, म्हणजे तोड लवकर यावी म्हणून टोळीला द्यावे लागणारे जादा पैसे, ट्रॅक्टरचालक मागतो ती ‘एन्ट्री’. असे पैसे घेणाऱ्यांविरुद्ध तक्रार करण्याच्या सूचना साखर आयुक्तालयाने काढल्या, तरी फडात ऊस वाळत असताना शेतकरी वाद घालत नाही.

मुकादमासारखा माणूस फक्त उसातच असतो असे नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत भरती, बढती, रजा आणि सावकारी हे सगळे जॉबर नावाच्या मुकादमाच्या हाती असे. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात भरतीचा अधिकार त्याच्याकडून काढून घेण्याची आणि कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली. उसात तसे झाले नाही. इथे दरांच्या वाटाघाटी झाल्या, बबनराव ढाकणे आणि गोपीनाथ मुंडे यांच्यासारख्या नेत्यांनी मजुरांचा आवाज मुंबईपर्यंत नेला, मुंड्यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ आले. मजूर आणि कारखाना यांच्यामधली मुकादमाची जागा मात्र तशीच राहिली.

2023 मध्ये राज्याने ऊसतोडणी यंत्राला 40 टक्के, कमाल 35 लाख रुपये अनुदान जाहीर केले. मजूर कमी पडू लागले तसे या यंत्राकडे लक्ष वळले. कुरुंदवाडच्या नदीकाठाला मात्र ते सगळीकडे सोयीचे नाही. वाटण्या होऊन तुकडे झालेले फड, निचरा कमी असलेली काळी आणि बरीचशी क्षारपड जमीन, आणि 2005, 2019, 2021 सारखा महापूर येऊन गेला की चिखलाने माखून आडवा झालेला ऊस. अशा फडात यंत्र रुतते आणि ट्रॅक्टर बांधाबाहेर उभा राहतो. मोळ्या डोक्यावरून लांबवर वाहाव्या लागतात, आणि टनामागे मिळणारे पैसे तेवढेच राहतात. तो फड टोळीने स्वीकारावा म्हणून मुकादमाला आधी शेतकऱ्याशी, मग चिटबॉयशी आणि सर्वांत शेवटी आपल्याच माणसांशी बोलावे लागते.