केडगावचं शास्त्र

माझ्या पणजीला जन्मतारीख ठाऊक नव्हती. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या उपाशी पोरी आणल्या, त्यातली ती एक. तेव्हा सात-आठ वर्षांची असावी. वाढदिवस कधी, असं आम्ही पोरं विचारायचो, तेव्हा ती ठामपणे सांगायची : २९ जून १९०५. माझा नवा जन्म त्या दिवशी झाला. म्हातारीचा हिशेब चुकतोय असं मला वाटायचं. केडगावच्या मंडळीची शिकवण समजली तेव्हा कुठे तिचं उत्तर समजलं.

हे केडगाव नगरचं नव्हे, दौंड तालुक्यातलं. पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं. तिथल्या रमाबाईंच्या मुक्ती मिशनात एक गोष्ट प्रत्येक मुलीच्या मनावर ठसवली जाई : ख्रिस्ती नाव लागलं म्हणून तारण होत नाही, डोक्यावर पाणी पडलं म्हणूनही होत नाही. आपलं पाप आपण ओळखायचं, पश्चात्ताप करायचा आणि येशूवर स्वतः विश्वास ठेवायचा. हे दुसरं कुणी आपल्या वतीने करू शकत नाही. जगभरच्या इव्हँजेलिकल मंडळ्या हेच मानतात. पण रमाबाई या विश्वासापर्यंत ज्या वाटेने आल्या, ती वाट मला फार मोलाची वाटते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा आणि त्यांच्या चिमुकल्या लेकीचा, मनोरमेचा, बाप्तिस्मा झाला. तिथल्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या राहत होत्या. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटलं, आता बाई चर्च सांगेल ते मानतील. रमाबाईंनी मानलं नाही. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धान्त पटेना, तर पटत नाही म्हणून लिहिलं. भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही, असंही त्यांनी १८८५ च्या पत्रात कळवलं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही लेक शास्त्र मुळातून वाचून वाद घालत होती, आणि तेही आसरा देणाऱ्या बायांशी, परक्या देशात. या पत्रव्यवहाराला मी मराठी माणसाने लिहिलेलं पहिल्या प्रतीचं धर्मचिंतन समजतो. आपण मात्र रमाबाईंना समाजसुधारकांच्या रांगेत बसवतो आणि हा भाग गाळून टाकतो.

मग १८९१ साल आलं. शारदा सदन, म्हणजे रमाबाईंची विधवांसाठीची शाळा, मुंबईहून पुण्याला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. रमाबाईंच्या हाती विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मकथन आलं. हा गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये प्रवचन करता करता, स्वतःच्याच व्यासपीठावर, पालटला होता. अनेक वर्षं लोकांना बाप्तिस्मे देणारा माणूस तोवर स्वतःच तारणाबाहेर होता! हे वाचून रमाबाई अस्वस्थ झाल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, असं त्यांना जाणवलं. बाप्तिस्म्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. त्रैक्य त्यांनी पुढे स्वीकारलं, पण कुणाच्या धाकाने नव्हे.

 

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेला बसायला कोण तयार आहे, असं विचारलं. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. २९ जूनच्या पहाटे साडेतीनला एका मुलीला आपल्या अंगात आग उतरल्यासारखं वाटलं. शेजारची मुलगी खरीच आग समजून पाण्याची बादली आणायला धावली. पणजी ही गोष्ट सांगताना उठून उभी राहायची. मग शेकडो मुली एकदमच मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, चोऱ्या आणि भांडणं कबूल करू लागल्या. काही गोऱ्या मिशनऱ्यांना हा गोंगाट वाटला. आपल्या लोकांनी आपल्या रीतीने देवाला हाक मारावी, त्यांच्यावर विलायती शिस्त लादू नये, अशी रमाबाईंची भूमिका होती.

पुढच्या वर्षी तिथे अन्य भाषा, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने कधी न शिकलेली भाषा, बोलण्याचे प्रसंग घडू लागले. अमेरिकेत त्याच सुमारास लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवर तेच घडत होतं. पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा मिळाला याची अन्य भाषा हीच खूण, असं तिकडचे पुष्कळ लोक शिकवू लागले. केडगावने ते दान म्हणून आनंदाने मान्य केलं, पण प्रत्येकाला ते मिळालंच पाहिजे असा नियम केला नाही. माझ्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता. पणजीला अन्य भाषा कधीच आली नाही, आणि तिला कुणी कमी लेखलं नाही.

रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रम्स यांनी १९०६ मध्ये आत्म्याच्या बाप्तिस्म्यावर एक पुस्तिका लिहिली. त्यांनी ती शिकागोतल्या जुन्या मैत्रिणीला, श्रीमती हूवर यांना, चिलीतल्या वाल्पराइसोला पाठवली. हूवर पती-पत्नी तिथे मेथडिस्ट मंडळी चालवत. १९०९ मध्ये तिथेही केडगावसारखंच संजीवन झालं, आणि चिलीच्या पेंटेकोस्टल मंडळ्या त्यातून उभ्या राहिल्या. दौंड तालुक्यातली ज्योत दक्षिण अमेरिकेत पोचली, हे आमच्या शाळेत कुणी सांगितलं नाही.

पणजी पुढे मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागली. मीही पुण्यात आयुष्यभर तेच काम केलं, म्हणून मला त्याची किंमत कळते. काना, मात्रा, वेलांटी, रफार, एकेक खिळा चिमटीत धरून ओळ बांधायची. छापायचं होतं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून भाषांतराला बसल्या. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईलाही स्वतः वाचून कळावं, अशी मराठी त्यांना हवी होती. संस्कृतची ही पंडिता जड संस्कृत शब्द बाजूला सारत होती, कारण शब्दाबरोबर जुना अर्थही आत शिरतो. तारण ज्याचं त्याने स्वतः स्वीकारायचं, तर शास्त्रही ज्याचं त्याला वाचता आलं पाहिजे. मला तरी हे भाषांतर म्हणजे त्यांच्या सगळ्या विश्वासाचा निचोड वाटतो.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. भाषांतर तोवर पूर्ण झालं होतं. संपूर्ण शास्त्र १९२४ मध्ये छापून बाहेर पडलं.

आमच्या घरातली प्रत पानशेतच्या पुरात भिजली. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत, केडगावला छापलेलं जुनं शास्त्र असेल, तर ते रद्दीत घालू नका. एकदा उघडून मोठ्याने वाचा.