ईरास : आतड्याच्या कर्करोग-शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा आणि लवकर सुट्टी

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोगग्रस्त भाग काढून उरलेली टोके जोडण्याची शस्त्रक्रिया रुग्णाच्या शरीरावर मोठा ताण आणते. हा ताण शस्त्रक्रियेआधी, ती चालू असताना आणि नंतर कमी राहावा म्हणून एकत्र बांधलेल्या वीसेक उपायांच्या संचाला ईरास पद्धती म्हणतात. ‘एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी’ या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. पेशंटला चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडणारी पद्धत, अशी तिची ओळख सहसा करून दिली जाते. ही ओळख अपुरी आहे आणि तिने नुकसानही होते. लवकर सुट्टी हा या पद्धतीचा परिणाम आहे. त्यालाच हेतू मानून सुट्टीचा दिवस आधी ठरवला आणि उपाय अर्धवट केले, तर मागे उरते ती केवळ खाट रिकामी करण्याची घाई. नवी मुंबईसारख्या, दूरदूरचे रुग्ण येणाऱ्या शहरात हा फरक विशेष महत्त्वाचा आहे.

जुनी पद्धत निष्काळजीपणातून आली नव्हती, उलट सावधगिरीतून आली होती. ताज्या जोडावर ताण येऊ नये म्हणून आदल्या दिवशी जुलाबाचे औषध आणि एनिमा देऊन आतडे धुऊन काढायचे, मध्यरात्रीनंतर पाण्याचा घोटही द्यायचा नाही, नाकातून जठरात नळी घालायची, आणि ऑपरेशननंतर सलाईनवर ठेवून वाट पाहायची. ‘गॅस पास झाला का?’ हा प्रश्न वॉर्डातल्या सकाळच्या राउंडला आजही ऐकू येतो. परंतु पचनमार्गाचे सगळे भाग एकाच वेळी कामाला लागत नाहीत. लहान आतड्याची हालचाल काही तासांत परतते, जठराची साधारण दिवसभरात, आणि मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस लागतात. वायू सरेपर्यंत थांबणे म्हणजे सर्वांत उशिरा हलणाऱ्या भागासाठी रुग्णाला उपाशी ठेवणे. आणि त्याने काहीही गिळले नाही तरी लाळ, जठररस, पित्त असे काही लिटर द्रव रोज आतड्यात उतरतच असतात. उपाशी ठेवल्याने जोडाला विश्रांती मिळते ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

सलाईनची गोष्टही अशीच. नेहमीच्या सलाईनच्या एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. दिवसाला तीन लिटर दिले की २७ ग्रॅम. शस्त्रक्रियेच्या ताणाखाली असलेले शरीर हे मीठ आणि पाणी लवकर बाहेर टाकू शकत नाही, वजन वाढते, आतड्याच्या भिंतीला सूज येते आणि ते मंदावते. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ २० रुग्ण होते, पण मीठ-पाणी मर्यादित ठेवलेल्या गटाचा रुग्णालयातला मुक्काम ९ ऐवजी ६ दिवसांवर आला. मात्र हात आखडण्यालाही मर्यादा आहे. २०१८ च्या रिलीफ चाचणीत पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियांच्या सुमारे ३,००० रुग्णांपैकी ज्यांना फारच कमी द्रव दिला, त्यांच्यात मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण ८.६ टक्के निघाले. मोकळ्या हाताने द्रव दिलेल्या गटात ते ५ टक्के होते. आज रूढ असलेला संतुलित द्रवाचा आग्रह या दोन्ही निष्कर्षांमधून आला आहे.

या विखुरलेल्या निरीक्षणांना एकत्र बांधले ते डॅनिश शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी. ऑपरेशन नीट पार पडल्यावरही हा रुग्ण आज रुग्णालयात का आहे, हा त्यांचा मूळ प्रश्न. वेदना, मळमळ, सुस्त आतडे, अशक्तपणा आणि अंगाला लावलेल्या नळ्या ही त्याची उत्तरे. आणि यांतले एकच कारण दूर करून भागत नाही. कोपनहेगनमधील त्यांच्या गटाने १९९५ मध्ये दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया, पाठीतून दिलेली वेदनाशामक औषधे, लवकर आहार आणि लवकर चालणे यांचा मेळ घालून वृद्ध रुग्णही दोन दिवसांत घरी जाऊ शकतात हे दाखवले. पुढे केनेथ फिअरन, ओले ल्युंगक्विस्ट आदींनी २००१ मध्ये अभ्यासगट स्थापन केला आणि २०१० मध्ये त्यातून ईरास सोसायटी उभी राहिली.

प्रत्यक्षात काय बदलते, ते पाहण्यासारखे आहे. घन आहार भूल देण्याच्या सहा तास आधीपर्यंत आणि पाण्यासारखे पारदर्शक द्रव दोन तास आधीपर्यंत चालतात. नाकातली नळी ठेवली जात नाही, निदान ऑपरेशन टेबलावरून उतरताना तरी काढली जाते. अफूजन्य वेदनाशामके आतडे झोपवतात, म्हणून पॅरासिटामॉल, पोटाच्या भिंतीतील नसा बधिर करणारी इंजेक्शने किंवा मणक्यातील एक डोस यांवर भर राहतो. त्याच संध्याकाळी रुग्णाला घोटघोट पाणी दिले जाते आणि खाटेच्या कडेला पाय सोडून बसवले जाते. दुसऱ्या सकाळी लघवीची नळी निघते (गुदाशयाच्या खोल शस्त्रक्रियेत ती एखाद-दोन दिवस जास्त राहते) आणि तो सलाईनचा स्टँड न ढकलता पॅसेजमध्ये चालतो. तांदळाची पेज, ताक, मऊ खिचडी हे आपले पदार्थ या टप्प्याला उत्तम जमतात. यातल्या बहुतेक गोष्टींना महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यातला एकोपा, आणि तो विकत मिळत नाही. मुंबई महापालिकेच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉक्टरांनी पचनसंस्थेच्या शस्त्रक्रियांमध्ये जुन्या आणि नव्या पद्धतीची तुलना करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि नव्या पद्धतीत मुक्काम घटल्याचे नोंदवले. ही पंचतारांकित रुग्णालयांचीच चैन आहे, हा आक्षेप तिथेच गळून पडतो.

पुरावा किती भक्कम आहे? २०१४ मध्ये एकत्र तपासलेल्या १६ चाचण्यांत, म्हणजे २,३७६ रुग्णांत, एकूण गुंतागुंती सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, मुक्काम सव्वादोन दिवसांनी कमी झाला आणि पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण वाढले नाही. पण बारकाईने पाहिले तर फायदा मुख्यतः छाती, हृदय, लघवीचा संसर्ग अशा गुंतागुंतींमध्ये होता; जोड गळण्यासारख्या, खुद्द शस्त्रक्रियेशी निगडित गुंतागुंतींत ठोस फरक दिसला नाही. या चाचण्यांत डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही कोणता उपचार चालू आहे हे ठाऊक असते, त्यामुळे सुट्टीचा दिवस अपेक्षेनेही पुढे-मागे सरकू शकतो. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच या पद्धतीचे यश मुक्कामाच्या दिवसांत मोजणे मला पटत नाही. न्यूमोनिया किती टळले आणि केमोथेरपी किती वेळेवर सुरू झाली, यांत ते मोजावे. २०११ मधील एका संकलित अभ्यासानुसार शस्त्रक्रियेनंतरची केमोथेरपी दर चार आठवड्यांनी लांबली की मृत्यूचा धोका सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. तिसऱ्या टप्प्यातील रुग्णासाठी लवकर बरे होण्याचा खरा अर्थ इथे आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप जोड गळण्याचा. गळती बहुधा पहिल्या आठवड्यात, पुष्कळदा पाचव्या दिवसानंतर लक्षात येते. मग चौथ्या दिवशी घरी सोडणे धोक्याचे नाही का? वॉर्डात ठेवल्याने गळती थांबत नाही, फक्त लवकर ओळखू येते, आणि तीही कोणी बघत असेल तर. ओळखण्याची साधने मात्र सुधारली आहेत. तिसऱ्या दिवशी रक्तातील सीआरपी (दाह दर्शवणारे प्रथिन) १७२ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असेल, तर गळती नसण्याची शक्यता सुमारे ९७ टक्के असते, असे २०१४ च्या एका विश्लेषणात दिसले. नाडी शांत, ताप नाही, जेवण जाते, गोळ्यांवर दुखणे आवरते, स्वतः शौचालयापर्यंत चालता येते आणि सीआरपी उतरतो आहे, एवढे जुळले तर सुट्टी सुरक्षित. यातले एक जरी जुळले नाही, तरी दिवस कितवा हा प्रश्नच गैरलागू. उरतात ते शंभरातले तीन. त्यांच्यासाठी परतीचा रस्ता जवळचा हवा.

हा रस्ता नवी मुंबईत सर्वांना सारखा नाही. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक, बेलापूरला अपोलो, नेरूळला डी. वाय. पाटील, कामोठ्यात एमजीएम अशी मोठी रुग्णालये काही किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. नेरूळच्या रुग्णाला पोटात दुखू लागले तर तो अर्ध्या तासात परत येईल. पोलादपूर किंवा म्हसळ्याच्या रुग्णाला, पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावरून, ते जमणार नाही. बिहार-बंगालहून टाटाच्या उपचारासाठी आलेल्याची तर गोष्टच वेगळी. युरोपातील चाचण्या गृहीत धरतात ते घर म्हणजे आतच शौचालय, सोबतीला एक माणूस, उचलला जाणारा फोन आणि जवळचा दवाखाना. खारघरमध्ये भाड्याने घेतलेल्या खोलीत यातले किती असते, हे सुट्टीच्या कागदावर सही करण्याआधी विचारायला हवे. माझ्या मते उत्तर मुक्काम लांबवण्यात नाही. रुग्णालयाच्या हाकेच्या अंतरावर आठ-दहा दिवस राहण्याची सोय आणि रोज चौकशी करणारी परिचारिका हा उपचाराचाच भाग धरला पाहिजे. परळच्या टाटा रुग्णालयातील रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने असा आधार वर्षानुवर्षे दिला आहे; तिथे दानधर्म म्हणून जे चालते, ते नव्या शहरात नियोजनात बसवता येईल.

आपले रुग्ण युरोपीय रुग्णांसारखे नाहीत, हेही खरे. टाटा मेमोरियलच्या ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय ४७ वर्षांच्या आसपास होते. तरुण शरीर ताण लवकर पेलते, ही जमेची बाजू. पण उशिरा निदान, रक्तक्षय आणि घटलेले वजन यांची वजाबाकी तिथेच होते. याचा निष्कर्ष ही पद्धत आपल्याकडे चालणार नाही असा निघत नाही. ती आधी सुरू करावी लागेल, असा निघतो. गुदाशयाच्या कर्करोगात रेडिएशननंतर शस्त्रक्रियेपूर्वी कित्येक आठवडे थांबावेच लागते. ते बहुधा नुसत्या वाट पाहण्यात जातात. लोहाची इंजेक्शने, अंडी-डाळी-दूध, रोजचे चालणे आणि तंबाखू सोडणे यांसाठी याहून चांगला काळ नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा चार आठवड्यांच्या पूर्वतयारीने गंभीर गुंतागुंतींचे प्रमाण २९.७ वरून १७.१ टक्क्यांवर आले.

पोटावर तात्पुरता शौचमार्ग (स्टोमा) उघडलेल्या रुग्णांचा मुद्दा वेगळा. लहान आतड्याच्या स्टोमातून दिवसाला दीड लिटरहून अधिक द्रव जाऊ लागला, तर कोकणातल्या एप्रिल-मेच्या उकाड्यात दोन दिवसांत मूत्रपिंड संकटात येते. अशा रुग्णांना पुन्हा भरती करावे लागण्याचे हे एक प्रमुख कारण. बॅग बदलणे आणि मोजणे ऑपरेशनपूर्वीच शिकवले, मीठ-साखरेचे पाणी योग्य प्रमाणात नातेवाइकांकडून करवून घेतले, तर हे बरेचसे टळते. घरी जाण्याच्या दिवशी घाईघाईत दिलेले पत्रक पुरेसे नाही.

राहता राहिला पैशांचा संशय. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालयाला ठरावीक रकमेचे पॅकेज मिळते, म्हणून दिवस कमी केले की रुग्णालयाचा फायदा, असे नातेवाइकांना वाटले तर त्यांना दोष देता येत नाही. ही योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यांत रायगड होता, आणि सुट्टीनंतरच्या १० दिवसांची तपासणी व औषधे पॅकेजमध्ये धरलेली होती. ईरासला नेमका हाच काळ हवा आहे. रुग्णालयांनी सरासरी मुक्कामाबरोबर ३० दिवसांतील पुनर्भरती आणि केमोथेरपी सुरू होण्यास लागलेले दिवस जाहीर केले, तर संशयाचे उत्तर आकड्यांत मिळेल. लवकर सुट्टी याहूनही पुढे नेता येते: फ्रान्स आणि कॅनडात निवडक रुग्णांना आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या दिवशीच घरी पाठवण्याचे प्रयोग झाले आहेत. पण तिथे रोजची चौकशी आणि परत येण्याची हमी आधी उभी केली गेली.