‘मी जबाबदार’मधला ‘मी’ कोण?

आषाढी जवळ आली की आमच्या काटेवाडीला मेंढ्यांच्या रिंगणाचे वेध लागतात. तुकोबांची पालखी येते, तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात, मेंढ्या भोवती धावतात. २०२० साली पालखी या रस्त्याने आलीच नाही. पादुका एसटीने थेट पंढरपूरला गेल्या. आम्ही घरात मोबाइल बघत बसलो होतो.

तेव्हा सरकारही मोबाइलवरच भेटायचं. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुक लाइव्हवर घरातल्या थोरल्यासारखे शांतपणे बोलायचे. मेअखेर निर्बंध सैल करताना ते म्हणाले, ‘पुनश्च हरिओम’. हा शब्द आला कुठून, ते मला नंतर कळलं.

१८९७ साली पुण्यात प्लेग होता. इंग्रज सरकारने जेमतेम चार कलमांचा साथरोग कायदा केला. रँडच्या अमलात सैनिक घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. ‘केसरी’ने त्यावर सडकून टीका केली. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ‘केसरी’तल्या लेखनाबद्दल टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सुटकेनंतर १८९९ मध्ये त्यांनी पुन्हा लेखणी उचलली, त्या अग्रलेखाचं नाव होतं ‘पुनश्च हरिः ॐ’.

साथीत सरकारशी भांडलेल्या संपादकाचा शब्द १२१ वर्षांनी साथीतल्या सरकारच्याच तोंडी आला. आणि मार्च २०२० मध्ये राज्याने लागू केलेला कायदाही १८९७ चाच होता. कायदा हुकमाचा, भाषा मात्र घरची.

या भाषेचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम निघाली. दारात सैनिक नव्हते. ताप आणि ऑक्सिजन मोजणारी माणसं होती.

फेब्रुवारी २०२१ मध्ये पुढची घोषणा आली, ‘मी जबाबदार’. मास्क, हात धुणं, अंतर इथवर ठीक. पण एप्रिलमध्ये लोक रात्र-रात्र ग्रुपवर बेड शोधत होते. ऑक्सिजनचा बेड हा ‘मी’ कुठून आणणार? घोषणा नेत्याने दिलेली, तिच्यातला ‘मी’ मात्र ती फॉरवर्ड करणारा.

तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार आमच्याच गावचे. त्यांना सगळे ‘दादा’ म्हणायचे. नातं जोडलं की प्रश्न विचारायला जीभ अडखळते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हिशेब मागायचा पहिला हक्क घरच्यांचाच असतो. कुटुंब म्हटलंच आहे, तर तो मागू या.