जवारीपासून फझपर्यंत : हस्तनिर्मित अॅनालॉग गिटार पेडल्सचा इतिहास आणि महाराष्ट्रातील नादशिल्पाची परंपरा

प्रस्तावना :
वाद्यांच्या इतिहासात वादक आणि रचनाकार यांना जे स्थान लाभले, ते वाद्य घडविणाऱ्या कारागिरास क्वचितच लाभले आहे. त्यातही विद्युत् गिटारचा नाद बदलणारी छोटी धातूची पेटी, म्हणजेच 'इफेक्ट पेडल', ही तर केवळ बाजारातील वस्तू समजली जाते. वादक पायाने कळ दाबतो आणि तारेचा स्वच्छ स्वर क्षणात खरखरीत, घनदाट किंवा प्रतिध्वनित होतो. या पेटीच्या आत काही ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि रोधक यांची जुळणी असते. कारखान्यातील प्रचंड उत्पादनाऐवजी अशी पेटी एकेक करून हाताने घडविणारे छोटे कारागीर जगभर आहेत आणि मुंबईतही आहेत. या व्यवसायाकडे केवळ पाश्चात्त्य अनुकरण म्हणून पाहणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. शुद्ध स्वराला हेतुपुरस्सर झणकार देण्याची विद्या महाराष्ट्राला मिरजेच्या तंबोऱ्यामुळे दीर्घकाळ परिचित आहे. या दोन परंपरांचा एकत्रित विचार प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे :
१. अॅनालॉग गिटार पेडलच्या उदयाचा व हस्तनिर्मितीच्या पुनरुज्जीवनाचा आढावा घेणे.
२. मिरजेच्या जवारीकामाशी या शिल्पाचे असलेले साम्य व भेद स्पष्ट करणे.
३. मुंबईतील विद्युत् संगीताच्या इतिहासात या कारागिरीचे स्थान तपासणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत लेखनासाठी दुय्यम साधनांचा आधार घेतला असून ऐतिहासिक, वर्णनात्मक आणि तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

बिघाडातून जन्मलेला नाद :
फझ या नादप्रकाराचा उगम एका बिघाडात आहे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या गीताचे ध्वनिमुद्रण चालू असताना ध्वनिमिश्रण यंत्रात दोष निर्माण झाला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटून उमटला. तो टाकून न देता तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे रेव्हिस हॉब्ज यांच्या साहाय्याने तोच परिणाम ट्रान्झिस्टरद्वारे घडवून आणला. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने ही पेटी बाजारात आणली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या गाजलेल्या गीतात तिचा वापर झाल्यावर तिला खरी मागणी आली.

या पेटीचे कार्य तत्त्वतः साधे आहे. तारेच्या कंपनातून निर्माण होणारा विद्युत्संकेत इतका वाढविला जातो की मंडलाला तो पेलवत नाही आणि तरंगाची शिखरे छाटली जातात. या छाटणीमुळे मूळ स्वरात नसलेले नवे स्वरांश त्यात मिसळतात. 'अॅनालॉग' म्हणजे या प्रवासात संकेताचे अंकांत रूपांतर होत नाही, तो अखेरपर्यंत विद्युत्दाबाच्या रूपातच राहतो.

प्रतिध्वनीची कथाही लक्षणीय आहे. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँग्स्टर व टीअर यांनी 'बकेट ब्रिगेड' रचना मांडली. आग विझविताना माणसांच्या रांगेतून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे जाव्यात, तसा विद्युत्प्रभार एका कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे सरकतो आणि स्वर उशिरा बाहेर पडतो. पुढे जपानमध्ये तयार झालेल्या एमएन ३००५ या चिपमध्ये असे ४०९६ टप्पे होते.

हस्तनिर्मितीकडे पुनरागमन :
१९७० च्या दशकात जपानी व अमेरिकी कंपन्यांनी पेडल्सचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन केले. त्यानंतर डिजिटल उपकरणांनी एकाच यंत्रात अनेक परिणाम उपलब्ध करून दिले. जुने अॅनालॉग मंडल आता कालबाह्य होईल, असा समज रूढ होत होता. प्रत्यक्षात १९९० च्या दशकात उलट प्रवाह सुरू झाला. बिल फिनेगन यांनी १९९४ पासून 'क्लोन सेंटॉर' ही पेटी हाताने बनविण्यास प्रारंभ केला. आतील मंडलाची नक्कल होऊ नये म्हणून त्यावर ते काळा राळसदृश थर ओतत असत. झॅकरी व्हेक्स यांच्या पेट्या हाताने रंगविल्या जात. येथे यंत्राला पुन्हा कर्त्याची ओळख मिळाली.

हाताची गरज केवळ हौसेतून आलेली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. जुन्या फझमधील जर्मेनियम ट्रान्झिस्टर तापमानास संवेदनशील असतात आणि एकाच पाकिटातील दोन नगांचे गुणधर्म सारखे नसतात. म्हणून कारागीर एकेक ट्रान्झिस्टर मापतो, जोड्या लावतो आणि शेवटी कानाने निर्णय घेतो. मापन यंत्र करते, निवड मात्र कान करतो.

मिरजेची जवारी :
हेच विधान मिरजेच्या तंतुवाद्य निर्मितीस लागू पडते. शस्त्रांना धार लावण्याचा पिढीजात व्यवसाय करणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला, अशी परंपरा सांगितली जाते. शस्त्रांची मागणी ओसरत असताना धातू व लाकूड जाणणाऱ्या हातांनी संगीताचा आश्रय घेतला. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर व अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकांचे मिरजेतील वास्तव्य आणि पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील मोठे भोपळे यांमुळे हा व्यवसाय स्थिरावला.

तंबोऱ्याची तार घोडीच्या धारेवर टेकत नाही, ती किंचित उताराच्या पृष्ठभागाला स्पर्श करीत कंप पावते. त्या स्पर्शातून स्वरांशांची दाटी निर्माण होते. हा उतार कानसेने घासून साधणे म्हणजे जवारी काढणे, तर तार व घोडी यांमध्ये सरकविलेला सुताचा दोरा ती अधिक नेमकी करतो. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवून दिले की, प्रचलित सिद्धांतानुसार जे स्वरांश उमटू नयेत तेही या वाद्यांत स्पष्ट ऐकू येतात. मिरजेच्या कारागिराला हे सूत्ररूपाने ज्ञात नव्हते, परंतु त्याच्या हाताला ते ज्ञात होते.

अर्थात, जवारी आणि फझ एकच आहेत असे म्हणणे धाडसाचे ठरेल. जवारी ही यांत्रिक क्रिया आहे, फझ विद्युतीय. जवारी गायकाच्या स्वराला आधार देते, तर फझ बहुधा वादकाला ठळकपणे पुढे आणतो. मात्र स्वराची 'अशुद्धी' हीच त्याची समृद्धी मानणारी दृष्टी दोहोंत समान आहे.

मुंबईचा संदर्भ :
मुंबईत विद्युत् गिटार रुजविण्यात चित्रपटसंगीताचा वाटा मोठा आहे. गोव्यातून आलेल्या वादकांनी आणि वाद्यवृंद संयोजकांनी या संगीताचा पाया घातला. १९७१ मधील 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटातील राहुलदेव बर्मन यांच्या संगीतात भूपिंदर सिंग यांची गिटार गाजली. केरसी लॉर्ड यांनी सिंथेसायझरचा वापर रुजविला, तर चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रागांवर आधारित इलेक्ट्रॉनिक ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तिचे महत्त्व २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतरच जगाच्या लक्षात आले.

१९९१ पूर्वीच्या आयातनिर्बंधांच्या काळात परदेशी उपकरण मिळविणे कठीण आणि खर्चिक होते. त्यामुळे असलेले उपकरण दुरुस्त करून टिकविणे ही वादकाची निकड होती. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजेच पूर्वीचा लॅमिंग्टन रोड, हा सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांचा बाजार या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. २०१० च्या दशकात मुंबईत उभी राहिलेली 'अॅनिमल फॅक्टरी अॅम्प्लिफिकेशन' ही संस्था या इतिहासातील पुढचा टप्पा होय. 'बॅरन समेदी', 'पिट वायपर' यांसारखी तिची पेडल्स परदेशी वादकांपर्यंत पोहोचली. ज्या शहरात एकेकाळी पेडल बाहेरून येत असे, तेथूनच ते बाहेर जाऊ लागले, ही बाब अर्थपूर्ण आहे.

कारागिरीच्या नोंदीचा प्रश्न :
२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. सुमारे पावणेदोनशे वर्षांच्या कौशल्याला कायद्याची ओळख मिळाली. पेडलच्या कारागिराला असे मानांकन लाभणे कठीण आहे, कारण त्याचे शिल्प भूमीशी बांधलेले नाही. त्याचे ट्रान्झिस्टर एका देशातून तर ग्राहक दुसऱ्या देशातून येतो. शिवाय त्याचा कच्चा माल नाशवंत नसला तरी संपणारा आहे. चिपचे उत्पादन थांबले की मंडलाची पुनर्रचना करावी लागते. भोपळ्याचे बी पुढील हंगामासाठी राखता येते, चिपचे तसे नाही.

यापेक्षा गंभीर प्रश्न स्मृतीचा आहे. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर वादकांचीच नावे सहसा छापली जात नसत, तेथे त्यांची उपकरणे दुरुस्त करणाऱ्यांची नोंद कोण ठेवणार? हस्तकला म्हणजे लाकूड, माती व सूत आणि इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे कारखाना, अशी विभागणी आपल्या इतिहासलेखनाने नकळत स्वीकारली आहे. तिच्यामुळे सोल्डरिंग करणारा हात 'कारागीर' या संज्ञेबाहेर राहिला.

निष्कर्ष :
१. अॅनालॉग पेडल हे बिघाडातून जन्मलेले, परंतु श्रवणसंस्काराने घडलेले शिल्प आहे.
२. हस्तनिर्मितीचे पुनरुज्जीवन केवळ गतकालमोहातून झाले नाही. घटकांची असमानता आणि कानाने करावयाची निवड ही त्याची तांत्रिक कारणे आहेत.
३. मिरजेची जवारी आणि मुंबईचे पेडल यांत थेट वंशसंबंध नसला तरी नादसमृद्धीची दृष्टी समान आहे.
४. लॅमिंग्टन रोड परिसरातील जुने दुरुस्तीकार आणि मुंबईतील वादक यांच्या मौखिक इतिहासाचे संकलन तातडीने होणे आवश्यक आहे.

समारोप :
शिकलगारांनी तलवारीची धार सोडून तारेचा झणकार स्वीकारला, तेव्हा त्यांनी परंपरा मोडली असे आज कोणी म्हणत नाही. उलट तेथूनच परंपरा सुरू झाली असे मानले जाते. सर्किट बोर्डावर वाकलेल्या आजच्या कारागिराकडे इतिहासाने त्याच दृष्टीने पाहावयास हवे. त्याची नोंद करण्यासाठी त्याच्या हातातील काम जुने होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.