ना अपघात, ना खोदकाम; मग कोंडी कशाने?

गाड्या खोळंबतात, मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि काही अंतरावर रस्ता एकदम मोकळा होतो. वाटेत अपघात दिसत नाही की खोदकाम. मग कोंडी झाली कशाने?

रस्त्यावरची गर्दी आणि वेग यांचे नाते प्रथम नीट मोजले ते ब्रूस ग्रीनशील्ड्स या अमेरिकन अभियंत्याने. १९३०च्या दशकात त्याने ओहायो राज्यात कॅमेऱ्याने वाहतुकीची लागोपाठ छायाचित्रे घेतली. पुढे १९५५ साली ब्रिटनमध्ये लाइटहिल आणि व्हिदम यांनी नदीच्या पुराचे गणित रस्त्याला लावले. गाड्या पुढे जात असताना दाट गर्दीची लाट मात्र मागे सरकते, हे त्यातून उलगडले. परंतु पाण्याच्या थेंबाला चालक नसतो!

हा चालक अतिशय सोप्या रूपात संगणकात आणला १९९२ साली, जर्मनीतील काय नागेल आणि मिखाएल श्रेकेनबेर्ग या भौतिकशास्त्रज्ञांनी. रस्ता म्हणजे साडेसात मीटर लांबीच्या घरांची रांग. एका घरात एकच गाडी. दर सेकंदाला प्रत्येक गाडीने आपला वेग एका घराने वाढवायचा, पण पाच घरांपलीकडे नाही. पुढे मोकळी घरे त्याहून कमी असतील, तर वेग तेवढाच ठेवायचा. मग काही गाड्यांनी, विनाकारण, वेग एकने कमी करायचा आणि शेवटी सर्वांनी एकदम पुढे सरकायचे.

यातला ‘विनाकारण’ हा नियमच माझ्या मते या प्रतिमानाचा प्राण आहे. तो वगळला आणि गर्दी बेताची ठेवली, तर गाड्या लवकरच शिस्तीत धावू लागतात. तो घातला की एकाच्या रेंगाळण्याने मागचा थांबतो, त्याच्यामागचा अधिक थांबतो आणि कोंडी आपोआप उभी राहते. शाळेच्या मैदानात फक्कीने घरांचे वर्तुळ आखून, मुलांनाच गाड्या करून हे पाहता येईल. ‘विनाकारण’ कोणी थांबायचे ते प्रत्येकाने फासा टाकून ठरवावे.

जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खऱ्या गाड्यांनीच हे दाखवले. २३० मीटर परिघाच्या वर्तुळात २२ गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगितले होते. थोड्याच वेळात त्यांच्यात कोंडी झाली आणि ती मागे मागे सरकत राहिली.

नियम इतके थोडे असल्याने साऱ्या शहराचे रस्ते संगणकात मावू लागले. चौकांचे आणि सिग्नलचे नियम जोडून, रस्त्यातील यंत्रांनी मोजलेल्या गाड्यांचे आकडे पुरवून, १९९७च्या सुमारास डुइसबुर्ग शहराची वाहतूक अशीच संगणकावर चालवली गेली.

आपल्याकडे मात्र गाडे अडते ते साडेसात मीटरच्या घरापाशीच. त्या एका घरात मोटारीशेजारी दोन स्कूटर आणि अर्धी रिक्षा शिरलेली असते! म्हणून भारतीय रस्त्यांसाठी संशोधकांना ही घरे लहान करावी लागली, आणि रस्त्याच्या रुंदीतही पाडावी लागली.